गळका पॅन आणि जास्त आवळलेले बोल्ट

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनखाली सकाळी लाल तेलाचा डाग दिसला, की मालकाचा हात आधी पान्याकडे जातो. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनचे बोल्ट आणखी थोडे आवळले म्हणजे गळती थांबेल, हा तर्क वरवर बरोबर वाटतो. प्रत्यक्षात पुष्कळदा त्यानेच गळती वाढते.

1990 च्या दशकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवरोलेच्या अनेक व्हॅनमध्ये 4एल60-ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. त्याचा पातळ पत्र्याचा पॅन 16 बोल्टनी ॲल्युमिनियमच्या जाड आवरणाला खालून जोडलेला असतो आणि दोहोंमध्ये गॅस्केट, म्हणजे आपल्या गॅरेजमधले ‘पॅकिंग’, असते. पॅनमधल्या तेलावर पंपाचा दाब नसल्याने गॅस्केटला फार जोर सोसावा लागत नाही. कडेचा बारीक उंचसखलपणा सगळीकडे सारखा भरून काढणे, एवढेच त्याचे काम. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला, तर छिद्राभोवतीचा पत्रा वर वाकतो, दोन बोल्टमधला भाग खालीच राहतो आणि तेल नेमके तिथून झिरपते. प्रत्येक बोल्टला सुमारे 11 न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर, पुरतो.

बुचाचे, म्हणजे कॉर्कचे, गॅस्केट दाबले तर बाजूला फारसे फुगत नाही, कारण त्याच्या पेशींत हवा असते. रबराचे आकारमान मात्र जवळजवळ घटत नाही, त्यामुळे अति दाबलेले रबर कडेने बाहेर पिळून निघते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने दोन्ही कडक होतात आणि त्यांची उसळी जाते.

पॅनला तेल सोडण्याची सोय बहुधा नसते. म्हणून तीन बाजूंचे बोल्ट काढून एक कड अलगद खाली झुकवली, की सुमारे 5 लिटर तेल खालच्या घमेल्यात येते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातच, राहते. पॅनमधल्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा थर असणे ही नेहमीची झीज आहे. चकाकणारे कण दिसले, तर प्रश्न गॅस्केटपुरता उरत नाही. पॅनची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून छिद्रांभोवतीचे उंचवटे हातोडीने सपाट केल्याशिवाय नवे गॅस्केट घालणे व्यर्थ आहे. ते कोरडेच, सिलिकॉनचा चिकट लेप न लावता बसवावे, कारण त्या लेपाचे पिळून निघालेले तुकडे तेलात पडून पुढे फिल्टरमध्ये अडकतात.

तेल गरम झाल्यावर प्रसरण पावते, म्हणून पातळी गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून आणि गिअर पार्कमध्ये असतानाच पाहावी. एवढे करूनही दुसऱ्या सकाळी डाग दिसला, तर पॅनच्या वर, डाव्या बाजूच्या गिअर बदलण्याच्या दांड्याचे सील तपासावे: रात्री कन्व्हर्टरमधले तेल पॅनमध्ये उतरून पातळी त्या सीलपर्यंत चढते आणि तिथून ओघळलेले तेल पॅनच्या कडेवरूनच ठिबकते.