जानेवारीतला चटका

जानेवारीत पूर्वेकडचा कोरडा वारा सुटला की मुंबईतही दाराच्या स्टीलच्या कडीला हात लागताच चटका बसतो. अंधारात पॉलिस्टरचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. सोसायटीच्या बागेत प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरून उतरलेल्या मुलीचे केस ताठ उभे राहतात. जून लागला की हे सगळं जवळजवळ बंद. वस्तू त्याच, माणसं तीच, फक्त हवा दमट झालेली असते. हा सगळा खेळ स्थिर विजेचा.

घासलेला अंबर, म्हणजे झाडाची दगडासारखी झालेली राळ, वाळकी काडी ओढून घेतो, हे ग्रीकांना अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. ग्रीकमध्ये अंबर म्हणजे ‘एलेक्ट्रॉन’. आपल्याकडे त्याला संस्कृतातून आलेलं ‘तृणमणी’ हे नाव आहे, तर फारसीत तो ‘काहरुबा’, काडी पळवणारा. मला ही दोन नावं ग्रीक नावापेक्षा जास्त आवडतात, कारण अंबर काय करतो हे ती सांगून टाकतात.

नीट तपासणी केली ती लंडनचे वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी. काच, गंधक, लाख असे कितीतरी पदार्थ घासून, टोकावर फिरणाऱ्या हलक्या सुईजवळ धरून त्यांनी पाहिले आणि १६०० साली ग्रंथ छापला. दमट हवेत किंवा तोंडाची वाफ लागली की हे आकर्षण मरतं, हेही त्यांनी नोंदवलं. मुंबईकरासाठी त्या ग्रंथातली ही सर्वांत मोलाची नोंद म्हणायला हवी.

पुढे १७२९मध्ये स्टीफन ग्रे यांनी हा प्रभार, म्हणजे वस्तूवर साठलेली वीज, दोरीवरून दूर नेता येतो हे दाखवलं, तर १७३३मध्ये द्यू फे यांनी प्रभार दोन प्रकारचा असल्याचं सांगितलं. १७५७ साली विल्के यांनी कोणता पदार्थ कोणावर घासला तर कोण धन आणि कोण ऋण होतो याची क्रमवारी लावली. मात्र नेमकं काय इकडून तिकडे जातं, याचा अंदाज यायला १८९७ साली जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडावा लागला.

घासलं म्हणून प्रभार तयार होतो, असं आपण शाळेत शिकतो. खरं तर नुसतं टेकून दूर झालं तरी पुरतं. दोन पृष्ठभाग चिकटतात तेव्हा थोडा प्रभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि ते सुटताना तो तिथेच राहतो. घासल्याने टेकण्याच्या जागा वाढतात, इतकंच. प्लॅस्टिकसारख्या वस्तूवरून तो प्रभार निसटू शकत नाही. हवा दमट असली तर मात्र पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून तो हळूहळू वाहून जातो. कापडाचंही तसंच. सामान्य हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवतं, नायलॉन ४ टक्के, तर पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के.

गिरणगावाला हे पुस्तकातून कळलं नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली, त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या त्या समुद्राच्या ओल्या हवेत. कोरड्या हवेत कापसाचे तंतू एकमेकांना दूर ढकलतात, पिंजारतात, रुळांना चिकटतात, धागा तुटतो. नागपूरला १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवावी लागली. मुंबईत यातलं बरंचसं काम वारा फुकट करत होता.

मग घरात सुताच्या जागी टेरिकॉट आलं, लाकडाच्या जागी प्लॅस्टिक, आणि ऑफिसात एसी. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. खिडकीबाहेरच्या नळीतून फुटपाथवर टपकतं ते तेच. त्यामुळे ऐन ऑगस्टातही फोमच्या खुर्चीवरून उठणाऱ्याला टेबलाच्या लोखंडी पायाचा चटका बसू शकतो. तो जाणवतो तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्ट असतात. प्रभार इतका थोडा असतो की इजा होत नाही. उठतानाच खुर्चीचा धातूचा भाग धरून ठेवला तर तोही बसत नाही. पेट्रोलपंपावर मात्र हा चटका किरकोळ समजू नये. गाडीतून उतरल्यावर, टाकीच्या झाकणाकडे जाण्याआधी, दाराच्या धातूला हात लावावा.