मापाची कोल्हापुरी करून घेताना

मापाची कोल्हापुरी शिवणारा कारागीर तुमचा पाय पाहत नाही. त्याच्या हातात पडतो तो मापाचा कागद आणि त्यावर आम्ही दुकानात लिहिलेल्या चार ओळी. म्हणून माप द्यायला येताना सवड काढूनच या.

शक्यतो संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. सकाळच्या मापाची चप्पल संध्याकाळी अंगठ्यात, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायच्या कातडी कड्यात, आवळते. कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. बसून माप दिलं तर पाऊल पसरत नाही आणि लांबी कमी भरते. पेन्सिल सरळ उभी धरावी लागते. ती आत कलली की रेघ पावलाखाली जाते, तळ अरुंद निघतो. आकार दोन्ही पायांचा काढतो, कारण दोन पावलं क्वचितच तंतोतंत सारखी असतात. मग फितीने चवड्याचा, पावलाच्या उंचवट्याचा आणि अंगठ्याचा घेर. नुसतं ‘आठ नंबर’ सांगून भागत नाही. नंबरावरून लांबी कळते. पट्टा आणि अंगठा बसतात ते घेरावर.

‘जरा सैलच करा’ असा आग्रह मात्र धरू नका. तळ म्हशीच्या जाड कातड्याचा आणि पट्ट्यावरची वेणी बकऱ्याच्या मऊ कातड्याची असते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे कातडं वापराने ताणतं, म्हणून पट्टा मुद्दाम थोडा घट्ट ठेवतात. पहिला आठवडा घरातच रोज तास-दोन तास घाला आणि पट्ट्याला, अंगठ्याला आतून एरंडेल किंवा खोबरेल चोळा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर माप देतानाच सांगा. अंगठा घासून जखम झालेली कळत नाही. अशांसाठी अंगठ्याविना, रुंद पट्ट्याची चप्पल करून घेतो.

गोंडा नको, वेणी बारीक हवी, हेही तेव्हाच सांगावं. वेणी आणि नक्षीचं काम बहुतेक घरांत बायका करतात आणि ते आधी तयार होतं. पट्टा एकदा कानांत, म्हणजे तळाच्या दोन बाजूंच्या कातडी पाळ्यांत, ओवून कातड्याच्या वादीने शिवला की बदल म्हणजे सगळी शिवण उसवणं.

‘हा माल खरा कोल्हापूरचा का?’ असं बरेच जण विचारतात. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांचं आहे: इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर; तिकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिराने शिवलेली जोडीही अस्सलच. आमच्या पावतीवर कारागिराचं नाव आणि गाव असतं, ते जरूर वाचा.

भाव पाडून घेतला की पहिली कात्री लागते ती तळाच्या जाडीला. त्यापेक्षा नक्षी कमी करा, तळ नको. आगाऊ घेतलेली निम्मी रक्कम कातड्यासाठी कारागिराकडे जाते. जोडीला साधारण पंधरा दिवस लागतात, पावसाळ्यात महिना, कारण दमट हवेत कातडं नीट वाळत नाही. ओलं शिवलं तर वाळताना आक्रसतं आणि शिवण ओढली जाते. तेव्हा आम्ही कारागिराला घाई करत नाही. लग्नासाठी हवी असेल तर महिनाभर आधी या.

चप्पल भिजली तर सावलीतच वाळवा. उन्हात ठेवलेला तळ कडक होऊन तडकतो.

काही बिघडलं तर जोडी टाकू नका, झिजली तशीच घेऊन या. टाचेची बाहेरची कड आधी झिजली असेल, एक कान जास्त ओढला गेला असेल, तर तुमच्या चालण्यात भार कुठे पडतो हे कारागिराला त्यावरून समजतं. दुरुस्तीला ती त्याच्याचकडे जाते आणि तो सांगेल ती दुरुस्ती आम्ही तुमच्या मापाच्या कागदावर नोंदवतो. कागद दुकानात जपून ठेवलेला असतो. पण बाळंतपण, पायाची शस्त्रक्रिया किंवा वजनातला मोठा फरक यानंतर पाऊल बदलतं. तेव्हा जुन्या कागदावर विसंबू नका, नवं माप द्या.