ट्रकभर कांदा, पण टाकीत डिझेल नाही

परवा रात्री सिडकोतून मामेभावाचा फोन, "दादा, वॉलेटमध्ये 200 यूएसडीटी दिसतायत, पण पाठवायला गेलो की गॅस कमी आहे म्हणतंय, फसवलं का रे कुणी?" म्हटलं कुणी फसवलं नाही, तुझ्याकडे इथर नाहीये. (यूएसडीटी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन, इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कवर चालणारं; इथर हे त्या नेटवर्कचं स्वतःचं नाणं, आणि व्यवहाराची फी, म्हणजे गॅसचे पैसे, त्यातच भरावे लागतात.) तर म्हणे त्या 200 मधूनच कापून घ्या ना, बँक नाही का कापत! प्रश्न तसा रास्तच आहे.

आता असं बघा, लासलगावच्या मार्केटला ट्रक कांद्याने गच्च भरलाय पण टाकी कोरडी, तर कांद्याला भाव कितीका असेना, गाडी जागची हलत नाही. इथेरियमवर इथर म्हणजे डिझेल, कोणाकडे किती आहे ते नेटवर्कच्या स्वतःच्या खात्यात लिहिलेलं असतं. यूएसडीटी मात्र नेटवर्कवर ठेवलेल्या एका प्रोग्रॅमच्या वहीतला आकडा, ती वही उघडायची तर प्रोग्रॅम चालवावा लागणार, आणि चालवायचाच तर फी पडते, मग फीचे पैसे आहेत का हे बघायची फी कोणी भरायची? शिवाय टोकन कोणीही काढू शकतं, उद्या मी मिसळकॉइन काढला आणि फी यातच घ्या म्हणून बसलो, तर त्याचा भाव कोण ठरवणार (एक्स्ट्रा रस्सा धरून की सोडून)?

गॅस हे नेटवर्कला पडणाऱ्या कामाचं माप, त्याला दराने गुणलं की फी. नुसतं इथर पाठवायला 21,000 गॅस लागतो, टोकनला साधारण त्याच्या दुप्पट-तिप्पट. समजा 60,000 गॅस आणि दर 10 ग्वेई, तर झाले 0.0006 इथर, कारण एका इथरचे 100 कोटी ग्वेई. दर गर्दीवर हलतो, ब्लॉक (म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा) निम्म्याहून जास्त भरला की पुढच्या ब्लॉकची बेस फी, म्हणजे किमान दर, वाढते, एका वेळी जास्तीत जास्त 12.5 टक्के. आणि गंमत म्हणजे ऑगस्ट 2021 पासून ही बेस फी कोणाच्याच खिशात जात नाही, चक्क जाळून टाकतात, व्हॅलिडेटरला (व्यवहार तपासून ब्लॉक बनवणाऱ्याला) मिळते ती वरची टिप. व्यवहार मधेच फसला तरी गॅस गेला तो गेलाच, हे मला फार खटकतं, पण काम तर झालेलं असतं ना.

2023 पासून पेमास्टर म्हणून सोय आलीये, तुमच्यातर्फे इथर तो भरतो आणि तुमच्याकडून यूएसडीटी घेतो, म्हणजे शेवटी टाकीत डिझेलच. पण वॉलेटमध्ये तशी सोय असावी लागते, भावाच्या वॉलेटमध्ये ती नव्हती.

मग मीच त्याला 0.002 इथर पाठवलं, त्याचे यूएसडीटी रवाना झाले. लगेच मेसेज, "उरलेलं परत पाठवू का?"

म्हटलं पाठव, पण त्यालाही गॅस लागेल.