कुत्र्याचा वास वेगळा, अ‍ॅलर्जी वेगळी

"अ‍ॅलर्जी झालीय, म्हणून अंगाला घाण वास येतोय." पावसाळ्यात सांगली-साताऱ्यातल्या कुत्री पाळणाऱ्या घरांत हे हमखास ऐकू येतं. यातला "म्हणून" चुकीचा आहे. अ‍ॅलर्जीला वास नसतो. वास येतो तो त्वचेवर माजलेल्या यीस्टचा किंवा जिवाणूंचा. अ‍ॅलर्जीमुळे त्यांना वाढायला वाव मिळतो हे खरं, पण दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

खाजवणारं कुत्रं सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे अ‍ॅलर्जीबद्दल थोडक्यात. धूळ आणि परागकणांची अ‍ॅलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते आणि पंजे, तोंड, कान, काखा, पोट खाजतं. सारखं चाटल्यामुळे पंज्यांवरचे पांढरे केस तांबूस होतात. पिसवांची अ‍ॅलर्जी कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशी दिसते. तिथले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर चोळून बघा. लालसर डाग पडला तर ती पिसवांची विष्ठा. सुरुवातीला कातडी लाल असते, पण चिकट नसते आणि तिला वासही नसतो.

घोळ होतो तो इथून पुढे. खाजवून, चाटून कातडी ओली आणि दुखरी राहते. मॅलासेझिया नावाचं यीस्ट निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडं असतंच. ओलावा आणि तेलकटपणा मिळाला की ते भरमसाट वाढतं. पाटण-जावळीच्या पावसात आठवडेच्या आठवडे न सुकणाऱ्या कुत्र्याचे कान आणि बोटांच्या बेचक्या त्याला फारच मानवतात. काखेत बोट फिरवून बघा: मेणचट थर लागतो आणि बोटाला पीठ आंबल्यासारखा कुबट वास येतो. दुखणं जुनं झालं की तिथली कातडी काळपट, जाड, सुरकुतलेली होते. या यीस्टमुळेही खाज सुटते, म्हणून लोक पुन्हा अ‍ॅलर्जीलाच दोष देतात.

म्हणून पहिला प्रश्न हा: आधी खाज होती की आधी वास? आधी स्वच्छ कातडीवर खाज आणि नंतर वास, तर मुळाशी बहुधा अ‍ॅलर्जी आहे आणि वर संसर्ग बसलाय. आधी संसर्ग आवरायचा, मग उरलेल्या खाजेकडे बघायचं. हा क्रम उलटा झाला की फसगत होते. नुसत्या स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, घरचे खूश होतात; पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, संसर्ग तसाच राहतो आणि औषध उतरलं की सगळं परत येतं. आणि ती मुळात खरूज असेल तर स्टेरॉइडने ती बळावते. कानाच्या कडा, कोपर आणि मागच्या पायांचे घोटे प्रचंड खाजत असतील, घरातल्या माणसांनाही पुरळ येत असेल, तर आधी खरुजेची तपासणी करून घ्या.

खात्री करणं अवघड नाही. डॉक्टर कातडीवर चिकटपट्टी दाबून काचपट्टीवर घेतात, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शेंगदाण्याच्या टरफलाच्या आकाराच्या पेशी म्हणजे यीस्ट. तपासणीआधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, नाहीतर पुरावाच धुऊन जातो.

यीस्ट निघालं तर २% क्लोरहेक्सिडीन आणि २% मायकोनॅझोल असलेला शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, किमान तीन आठवडे. फेस अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटं राहू द्या. लगेच धुतलात तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नका. मग बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या करा. कानात मात्र पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय काहीही घालू नये.

सांगली हळदीचं गाव, म्हणून कुत्र्यालाही हळद-खोबरेल फासलं जातं. आधीच तेलकट झालेल्या कातडीवर आणखी तेल कशाला? जळकं इंजिन ऑइल, रॉकेल, फिनेल तर सरळ विष आहे. कुत्रं ते चाटतं. माणसांची स्टेरॉइड मिसळलेली मलमंही नकोत.

वास गेला, काचपट्टी स्वच्छ आली आणि तरी खाज आहे, तर आता अ‍ॅलर्जी शोधा. आधी पिसवा: घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना, त्या त्या प्राण्याचं औषध, सलग तीन महिने. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेली कुत्र्याची औषधं मांजराच्या जिवावर बेततात. कुत्र्याला फिट येत असेल तर पिसवांची गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगा. मग आहार, म्हणजे खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते बघायला: डॉक्टरांना विचारून, आजवर न खाल्लेलं एकच मांस किंवा मासा, किमान आठ आठवडे. दूध, अंडं, बिस्कीट बंद; गोळी पेढ्यात दडवून देणंही बंद. एका बिस्किटानेही ही परीक्षा वाया जाते, आणि ते बिस्कीट बहुतेकदा आजी-आजोबाच देतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.