मेगाहर्ट्झ वाढले, खेळ किती सुधारला?

२००९ साली ब्युनोस आयर्समधली मर्कोसुर चषक बुद्धिबळ स्पर्धा एका मोबाइल फोनने जिंकली. दहा डावांत साडेनऊ गुण! त्यावर ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा प्रोग्रॅम चालत होता. फोनचा प्रोसेसर ५२८ मेगाहर्ट्झचा (मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचं माप), आणि सेकंदाला तपासून होणाऱ्या पटावरच्या स्थिती वीस हजारांच्याही आत. १९९७ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा संगणक ‘डीप ब्लू’ सेकंदाला वीस कोटींच्या आसपास स्थिती चाळायचा. फोनसमोर कास्पारोव्ह नव्हता हे खरं. पण दहा हजारपट मंद यंत्र असं खेळतं, तेव्हा नुसते मेगाहर्ट्झ मोजून भागत नाही.

वेगाचा फायदा कुठे होतो ते पटावरच पाहू. पांढऱ्याचा उंट ए७ वरचं (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा) प्यादं फुकटात मारू शकतो. काळा बी६ खेळून उंटाची वाट बंद करतो, मग सी७ वरचा राजा बी७ वर येतो आणि पुढच्या खेपेला उंट गिळतो. दोन्ही बाजूंच्या चाली धरल्या तर उंट सहाव्या चालीला पडतो. मंद प्रोसेसरवर चारच चाली पाहून झाल्या असतील, तर प्रोग्रॅम खुशीत प्यादं मारतो. सहा पाहणारा त्या वाटेला जात नाही. (नावं फक्त यंत्राला ठेवायला नकोत. १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात फिशरने एच२ वरचं प्यादं असंच मारलं, उंट अडकला आणि डावही गेला.)

आता हिशेब. एका स्थितीत सरासरी पस्तीसेक चाली शक्य असतात. त्यातल्या निरुपयोगी फांद्या अल्फा-बीटा पद्धतीने छाटल्या, तरी एक चाल आणखी खोल जायला साधारण सहापट काम पडतं. म्हणून वेगाची बेरीज नाही, दुपटी मोजायच्या. वेग दुप्पट झाला की ढोबळमानाने ५० ते ७० एलो गुण (खेळाडूची ताकद मोजणारे गुण) वाढतात, आणि खोली वाढेल तशी ही वाढ आक्रसत जाते. ६० गुणांची आघाडी म्हणजे शंभर डावांत साधारण ५८-५९ गुण. ‘पाम’ या हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांच्या सुरुवातीच्या यंत्रांचा प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा होता. तिथून ५२८ पर्यंत नुसत्या आकड्यांनी पाचच दुपटी होतात.

त्यातही आकडा फसवा. पामची कार्यप्रणाली ‘पाम ओएस ५’ आली तेव्हा आत एआरएम जातीचा नवा प्रोसेसर बसला, पण जुन्या चिपसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्याच्यावर अनुकरणाच्या थरातून, म्हणजे जुन्या चिपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालायचे. वेगाचा मोठा वाटा तिथेच खर्ची पडे. नव्या चिपसाठी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, तरच खरी झेप.

माझ्या मते फोनवरची बुद्धिबळाची प्रगती चिपइतकीच, किंबहुना जास्तच, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची आहे. छाटणी इतकी धारदार झाली की आता एक चाल खोल जायला सहापट नव्हे, दुपटीच्या आसपास काम पुरतं. २०२० मध्ये ‘स्टॉकफिश १२’ या बुद्धिबळ प्रोग्रॅमने न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकलेल्या गणिती जाळ्याने) स्थिती जोखायला सुरुवात केली. सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थिती घटल्या, ताकद मात्र वाढली.

आजच्या फोनला खरी अडचण उष्णतेची. प्रोसेसरचे सगळे गाभे (कोअर) जुंपून लांबलचक विश्लेषण सुरू ठेवलं की फोन तापतो आणि प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करण्याची सोय चालू असेल तर बॅटरीही भराभर उतरते. ती बंद करून चालींची वेळ थोडी वाढवली, तर खेळात फारसा फरक जाणवत नाही.