उकियो-ए चित्रांतील स्त्रिया आणि घरसंसार

जपानमध्ये एदो काळात (१६०३–१८६८) लाकडी ठशांवरून छापल्या जाणाऱ्या चित्रांना ‘उकियो-ए’ म्हणतात. या चित्रांतली बाई म्हटले की आधी डोळ्यांपुढे येते ती योशिवारा वस्तीतली नटलेली गणिका. पण शिवणकाम करणारी, केस विंचरणारी, पोराला पाजणारी बाईही त्याच चित्रकारांनी रंगवली. भुवया उतरवलेल्या आणि दात काळे केलेले दिसले, की ती बहुधा लग्न झालेली बाई समजावी.

बहुरंगी छपाई १७६५ च्या सुमारास रुळली, ती प्रामुख्याने सुझुकी हारुनोबूच्या चित्रांतून. त्याची ‘दिवाणखान्यातील आठ दृश्ये’ ही मालिका म्हणजे चिनी निसर्गचित्रांतल्या आठ ठरीव देखाव्यांची घरगुती थट्टा. खाली उतरणाऱ्या रानहंसांच्या रांगेऐवजी इथे कोतो या तंतुवाद्याच्या तारा उचलून धरणाऱ्या, तिरक्या ओळीतल्या घोड्या आहेत, शरदाच्या चंद्राऐवजी आरसा आणि देवळाच्या घंटेऐवजी घड्याळ.

कितागावा उतामारोचे (मृत्यू १८०६) ‘स्वयंपाकघर’ हे दोन पानी चित्र मात्र थट्टेचे नाही. एक बाई बांबूच्या फुंकणीने चूल पेटवते आहे, तिच्या धुराने शेजारची तोंड वेडेवाकडे करते. तिसरी वांगे सोलते आणि चौथी भांडे पुसत असताना मूल तिला लोंबकळते आहे. धूर डोळ्यांत जातो, हे या चित्रांत क्वचितच कबूल केलेले असते. एरवी उतामारोच्याच रेशीमपालनावरच्या बारा चित्रांत किड्यांना पाला घालणाऱ्या बायकाही सुबक किमोनोत, घामाचा थेंब नसलेल्या दिसतात. ही चित्रे काढणारे, कोरणारे, छापणारे बहुतेक पुरुषच होते. प्रसिद्ध चित्रकार होकुसाईची मुलगी ओई हिच्यासारखी चित्रकर्ती विरळा.

१७९३ मध्ये सरकारने गणिकांखेरीज इतर स्त्रियांची नावे चित्रावर छापायला मनाई केली. चहाच्या दुकानांतल्या नामांकित पोरी त्यामुळे कागदावर निनावी झाल्या. स्वयंपाकघरातल्या बायकांना नाव नव्हतेच.

१८९० मध्ये पॅरिसला जपानी छापचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. अमेरिकन चित्रकर्ती मेरी कसॅट हिने ते पाहिले आणि १८९१ मध्ये दहा रंगीत छापचित्रे काढली. त्यांत पोराची अंघोळ आहे, शिंपिणीकडून कपडा बेतून घेणे आहे आणि पाकीट चिकटवण्यासाठी जीभ लावणारी एक बाईही आहे.