अडाना 8×5 आणि केल्सी 5×8 एकच का?

जुन्या टेबलटॉप छपाई मशीनचे फोटो बघताना या दोघांत गोंधळ होतोच, आणि होणारच, कारण एकाचं नाव अडाना एट-फाइव्ह आणि दुसऱ्याची साइज 5×8, इंच तेच, फक्त उलटे लिहिलेले. वर शाईची गोल तबकडी, दोन रूळ, पुढून दाबायचं हँडल. लग्नपत्रिका छापणारी मोठी ट्रेडल मशीन ज्यांनी पाहिलीय त्यांना तर दोन्ही ट्रेडलची पिल्लंच वाटतील.

केल्सी अमेरिकेतली, आणि थोरली. विल्यम केल्सीने 1872 मध्ये कनेटिकटमधल्या मेरिडनला धंदा सुरू केला, मासिकांत जाहिराती देऊन एक्सेल्सियर नावाची मशीन विकली. गिऱ्हाईक कोण, तर शाळकरी पोरं आणि हौशी मंडळी, घरच्या घरी स्वतःचं छोटं वर्तमानपत्र काढणारी, आणि हे वेड एवढं वाढलं की 1876 मध्ये फिलाडेल्फियात त्यांची देशव्यापी संघटनाच निघाली. अडाना इंग्लंडची, डोनाल्ड अ‍ॅस्पिनॉलने ट्विकनहॅमला 1922 मध्ये सुरू केलेली, त्यातही एट-फाइव्ह हे मॉडेल 1950च्या दशकातलं. तेव्हा 'व्हिक्टोरियन', म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, 'अडाना 8×5' म्हणून कुणी विकत असेल तर सरळ पुढे चला.

चालवायला दोन्ही जवळपास सारखीच. हँडल दाबलं की रूळ खिळ्यांवरून, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवरून, वर तबकडीवर जातात, तोवर प्लेटन, म्हणजे कागद दाबणारी सपाट पाटी, कागद घेऊन खिळ्यांना टेकते, सोडलं की रूळ परत खाली येताना शाई लावतात आणि तबकडी जराशी फिरते. फरक कळतो तो कागद लावताना. केल्सीवर टिंपनच्या, म्हणजे प्लेटनवर ताणून बसवलेल्या, कागदात गेज पिना (छापायचा कागद अडवून धरणाऱ्या) खोचायच्या, अडानाला प्लेटनवरच कागद टेकवायचा धातूचा ले-गेज असतो, तो सरकवून बसवायचा. मला पिनाच आवडतात, हव्या तिथे लावता येतात, पण पिन खिळ्यांच्या वाटेत राहिली तर खिळ्याचं नाक गेलंच म्हणून समजा.

खिळे दोन्हीकडे तेच चालतात, इंग्लंड-अमेरिकेत खिळ्याची उंची 0.918 इंचच. रूळ आणि चेस (खिळे आवळून बसवायची चौकट) मात्र एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, नुसता आकडा बघून मागवलेत तर पैसे पाण्यात.

आणि हल्ली पत्रिकेवर बोट फिरवलं की लागेल असं खोल रुतलेलं अक्षर हवं असतं ना, त्यासाठी ही दोन्ही नकोतच, एवढा जोर दिला तर ओतीव लोखंड तडकतं. त्याला बाजूला लिव्हर असलेली चँडलर अँड प्राइसची पायलट बघा, फक्त आधी टेबल भक्कम करून घ्या.